पुनर्संस्कारित गीतसंग्रह आणि वादकांचे श्रेय : लेड झेपेलिनचे ‘मदरशिप’ व मुंबईतील ध्वनिमुद्रण

सारांश :

जुने ध्वनिमुद्रण नव्या तंत्राने स्वच्छ व सुस्पष्ट करून पुन्हा प्रकाशित करण्याच्या प्रक्रियेस ‘रीमास्टरिंग’ असे म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘पुनर्संस्करण’ ही संज्ञा वापरली आहे. लेड झेपेलिन या ब्रिटिश ब्लूज-रॉक वाद्यवृंदाचा ‘मदरशिप’ हा २००७ चा निवडक गीतसंग्रह आणि याच वृंदातील दोन कलावंतांनी १९७२ मध्ये मुंबईत केलेले, परंतु २०१५ मध्येच अधिकृतरीत्या प्रकाशित झालेले ध्वनिमुद्रण यांच्या आधारे या प्रक्रियेचे स्वरूप व मर्यादा येथे स्पष्ट केल्या आहेत. पुनर्संस्करणाने ध्वनी उजळतो; परंतु तो ध्वनी ज्यांच्या हातांतून निघाला त्यांची नावे आपोआप उजळत नाहीत, हा लेखाचा मुख्य प्रतिपाद्य विषय आहे.

बीजसंज्ञा : पुनर्संस्करण, ब्लूज, निवडक गीतसंग्रह, श्रेयनामावली, साथीदार कलावंत, ध्वनिफीत.

१. प्रस्तावना :

रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात, खोपोलीलगत वसलेले साजगाव हे पंचक्रोशीत ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखले जाते. कार्तिकी एकादशीला येथील विठ्ठल मंदिराची यात्रा सुरू होते. सुक्या मासळीच्या मोठ्या बाजारामुळे या दैवताला ‘बोंबल्या विठोबा’ असेही लोकनाम मिळाले आहे. संत तुकाराम व्यापारानिमित्त या भागात येत असत, अशी स्थानिक श्रद्धा आहे. यात्रेच्या काळात जे भजन-कीर्तन चालते, त्यातील एक साधी गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पेटीवर कोण आहे, पखवाजावर कोणाची थाप पडते आहे, हे समोर बसलेल्या श्रोत्यांना नावानिशी, गावानिशी ठाऊक असते. गायक आणि साथीदार दोघेही श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर असतात. अभंगाचा कर्ता शेकडो वर्षांपूर्वी होऊन गेलेला असला, तरी त्याची नाममुद्रा अभंगाच्या अखेरच्या चरणात गुंफलेली असल्याने कोणीही, कोठेही तो अभंग म्हटला तरी कर्त्याचे नाव निसटत नाही.

ध्वनिमुद्रणाचे युग सुरू झाल्यावर ही स्थिती बदलली. ध्वनी व्यक्तीपासून वेगळा झाला. तो तबकडीवर, फितीवर, पुढे संगणकीय संचिकेत साठवला जाऊ लागला. गायकाचे नाव तबकडीच्या कागदी चकतीवर छापले गेले, साथीदाराचे बहुधा छापले गेले नाही. आज अर्धशतकापूर्वीची असंख्य ध्वनिमुद्रणे ‘पुनर्संस्कारित’ म्हणून पुन्हा बाजारात येत आहेत. अशा वेळी नेमके काय पुन्हा मिळते आणि काय हरवलेलेच राहते, हा प्रश्न केवळ पाश्चात्त्य रॉक संगीताच्या चाहत्यांपुरता मर्यादित राहत नाही. ज्या गावात भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेट कपाटात पडून आहेत, त्या प्रत्येक गावाचा तो प्रश्न आहे.

२. लेखाची उद्दिष्टे :

(अ) ब्लूज व ब्लूज-रॉक या संगीतप्रकारांचा संक्षिप्त परिचय करून देणे.
(आ) पुनर्संस्करण प्रक्रियेचे टप्पे सुलभ रीतीने स्पष्ट करणे.
(इ) निवडक गीतसंग्रहातील निवडीचे स्वरूप ‘मदरशिप’च्या आधारे तपासणे.
(ई) मुंबईतील ध्वनिमुद्रणाच्या संदर्भात साथीदार कलावंतांच्या श्रेयाचा विचार करणे.

३. ब्लूज ते ब्लूज-रॉक :

ब्लूज हा अमेरिकेच्या दक्षिण भागातील आफ्रिकी वंशाच्या कष्टकरी लोकांमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या आरंभी आकारास आलेला गीतप्रकार होय. त्याच्या रूढ आकृतिबंधात पहिली ओळ म्हटली जाते, तीच पुन्हा म्हटली जाते आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर मिळते. ही तीन ओळींची रचना बारा आवर्तनगटांत बसवलेली असते. शेतातील राबणूक, पूर, स्थलांतर, विरह हे तिचे विषय. जात्यावरच्या ओवीशी तिचे नाते रचनेचे नसून प्रवृत्तीचे आहे. दोन्हींत कष्टणाऱ्या व्यक्तीचे दुःख गाण्याच्या आधाराने सुसह्य होते.

रॉबर्ट जॉन्सन हे या परंपरेतील एक प्रमुख नाव. त्यांनी १९३६ व १९३७ मध्ये टेक्सास राज्यात एकूण २९ गीते ध्वनिमुद्रित केली आणि १९३८ मध्ये तरुण वयातच त्यांचा मृत्यू झाला. हयातीत त्यांना मर्यादित प्रसिद्धी लाभली. मात्र १९६१ मध्ये त्यांच्या १६ गीतांची दीर्घवादन तबकडी निघाली आणि ती ब्रिटनमधील तरुण गिटारवादकांच्या हाती पडली. म्हणजेच ब्लूज-रॉकच्या उदयामागे एक ‘जुन्या गीतांचा निवडक संग्रह’ होता, ही बाब लक्षणीय आहे. पुनर्प्रकाशनामुळे केवळ स्मरणरंजन होते असे नाही, तर नवी परंपराही जन्माला येऊ शकते.

लेड झेपेलिन या वाद्यवृंदाची स्थापना १९६८ मध्ये झाली. जिमी पेज (गिटार), रॉबर्ट प्लांट (गायन), जॉन पॉल जोन्स (बास गिटार व कळफलक वाद्ये) आणि जॉन बॉनम (ड्रम) हे त्याचे चार सदस्य होत. जानेवारी १९६९ मध्ये आलेल्या पहिल्याच तबकडीत विली डिक्सन या ब्लूज रचनाकाराची दोन गीते होती. बॉनम यांचे सप्टेंबर १९८० मध्ये निधन झाल्यानंतर हा वृंद विसर्जित झाला. तोपर्यंत आठ तबकड्या प्रसिद्ध झाल्या होत्या. उरलेल्या ध्वनिमुद्रणांची ‘कोडा’ ही नववी तबकडी १९८२ मध्ये आली.

४. पुनर्संस्करण म्हणजे काय?

या प्रक्रियेविषयी सर्वसामान्य श्रोत्यांत एक गैरसमज आढळतो. ‘पुनर्संस्कारित’ म्हणजे गाणे पुन्हा गाऊन-वाजवून घेतले, असे काहींना वाटते; तर प्रत्येक वाद्य सुटे करून पुन्हा जुळवले, असे काहींचे मत असते. हे दोन्ही समज बरोबर नाहीत. त्यासाठी ध्वनिमुद्रणाचे तीन टप्पे लक्षात घेणे आवश्यक ठरते.

पहिल्या टप्प्यात प्रत्येक वाद्य व आवाज चौड्या फितीच्या निरनिराळ्या पट्ट्यांवर मुद्रित केला जातो. दुसऱ्या टप्प्यात या पट्ट्यांचे योग्य प्रमाणात मिश्रण करून डावी व उजवी अशा दोन पट्ट्यांची अंतिम फीत तयार होते. तिसऱ्या टप्प्यात ही अंतिम फीत ज्या माध्यमातून विकावयाची त्या माध्यमाला, म्हणजे तबकडी, कॅसेट किंवा सीडीला अनुरूप करून घेतली जाते. हा तिसरा टप्पा म्हणजे ‘मास्टरिंग’ आणि तोच नव्याने करणे म्हणजे ‘रीमास्टरिंग’ किंवा पुनर्संस्करण. स्वयंपाकघरातील उदाहरण द्यावयाचे तर शिजलेली आमटी गाळून, गरम करून नव्या भांड्यात वाढणे हे पुनर्संस्करण होय. डाळ आणि मसाला वेगवेगळे काढून पुन्हा फोडणी देणे हे पुनर्मिश्रण होय.

तिसरा टप्पा प्रत्येक माध्यमासाठी वेगळा का करावा लागतो, याचे कारण माध्यमाच्या भौतिक मर्यादांत आहे. दीर्घवादन तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. खर्जातील स्वर फार जोरकस ठेवले तर खाच रुंद होते, तबकडीवर कमी गाणी मावतात आणि सुई खाचेतून उडण्याची शक्यता वाढते. म्हणून तबकडी कोरताना खर्ज कमी करून वरचे स्वर वाढवले जातात आणि वाजवताना यंत्रातील मंडल तो फरक भरून काढते. १९८० च्या दशकात सीडी आली तेव्हा ही अडचण उरली नाही. सीडीवर ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना १६ अंकस्थानांत नोंदवला जातो. परंतु त्या काळात घाईने निघालेल्या अनेक सीडींसाठी तबकडीकरिता बनवलेल्या किंवा प्रतीवरून काढलेल्या फितीच वापरल्या गेल्या. परिणामी नवे माध्यम असूनही आवाज कोरडा व कृश वाटू लागला. लेड झेपेलिनच्या पहिल्या सीडी पेज यांच्या सहभागाशिवाय निघाल्या होत्या. १९९० मध्ये त्यांनी स्वतः जॉर्ज मारिनो या तंत्रज्ञासमवेत न्यूयॉर्कमध्ये बसून मूळ फितींवरून निवडक गीतांचे पुनर्संस्करण केले. ‘रीमास्टर्स’ हे त्या संग्रहाचे नावच या प्रक्रियेचे द्योतक होते.

प्रत्यक्ष कामाचा क्रम साधारणतः पुढीलप्रमाणे असतो. प्रथम सर्वांत जुनी आणि मूळ फीत शोधली जाते, कारण फितीच्या प्रत्येक प्रतीगणिक खरखर वाढते आणि बारकावे कमी होतात. १९७० च्या दशकातील काही फितींवरील चिकट थर हवेतील ओलावा शोषून घेतो. अशी फीत यंत्रावर चढवली तर थर सुटून येतो. म्हणून ती आधी मंद उष्णतेत काही तास ठेवून कोरडी करावी लागते. त्यानंतर यंत्राचे वाचनशीर्ष फितीच्या कोनाशी जुळवले जाते. मग ध्वनीचे अंकीय रूपांतर होते. अलीकडे हे २४ अंकस्थाने व सेकंदाला ९६,००० नमुने या प्रमाणात केले जाते. शेवटी खर्ज, मध्य व तार या पट्ट्यांचा तोल साधणे, खरखर कमी करणे आणि एकूण आवाजाची पातळी ठरविणे ही कामे होतात.

५. मोठा आवाज आणि चांगला आवाज :

वरील शेवटच्या कामातच पुनर्संस्करणाचा सर्वांत मोठा धोका दडलेला आहे. दोन ध्वनिमुद्रणे एकापाठोपाठ ऐकली तर जे किंचित मोठे ते चांगले, असा भास माणसाच्या कानाला होतो. या मानवी स्वभावाचा लाभ घेऊन १९९० च्या दशकापासून सीडीचा आवाज उत्तरोत्तर वाढवत नेण्याची स्पर्धा सुरू झाली. परंतु अंकीय माध्यमाला वरची मर्यादा असते. तिच्या पलीकडे आवाज नेता येत नाही. तेव्हा हळू भाग मोठे करून आणि मोठ्या भागांची टोके दाबून सरासरी वाढवली जाते. यामुळे हलकी थाप आणि जोराची थाप यांतील अंतर कमी होते. कीर्तनात मृदंगावरील हलक्या बोलांनंतर गजराची एकच थाप अंगावर काटा आणते, ती दोहोंतील अंतरामुळे. ते अंतरच मिटले तर आवाज मोठा होतो, पण रोमांच उरत नाही.

लेड झेपेलिनच्या बाबतीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. १९७१ च्या चौथ्या तबकडीतील पुराविषयीच्या ब्लूज गीताचे ड्रम हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत जिन्याच्या पायथ्याशी ठेवून वाजवले गेले आणि ध्वनिग्राहक वर जिन्यात टांगले होते. त्या गीताचे वैशिष्ट्य वाद्यापेक्षा त्या पोकळीच्या घुमण्यात आहे. घुमणे हा मंद ध्वनी आहे. आवाजाची सरासरी अवाजवी वाढवली तर घुमणे आणि मूळ ठोका एकाच पातळीवर येतात आणि जिन्याची खोली सपाट होते. २००७ च्या ‘मदरशिप’विषयी काही जाणकार श्रोत्यांनी आवाज प्रमाणाबाहेर मोठा असल्याची तक्रार केली होती. हे काम लंडनमधील तंत्रज्ञ जॉन डेव्हिस यांनी केले होते. २०१४-१५ मध्ये पेज यांच्या देखरेखीखाली सर्व तबकड्यांचे नव्याने पुनर्संस्करण झाले तेव्हाही तंत्रज्ञ तेच होते. परंतु या खेपेस आवाजातील चढउतारांना अधिक वाव दिला गेला. यावरून दोष किंवा गुण यंत्रात नसून हेतूमध्ये असतो, हे स्पष्ट होते. आज आंतरजालावरील संगीतसेवा सर्व गीतांची सरासरी पातळी सारखी करून ऐकवतात. त्यामुळे केवळ आवाज वाढवण्याचा व्यापारी लाभ बऱ्याच अंशी संपुष्टात आला आहे.

६. निवडीचे अंकगणित : ‘मदरशिप’

नोव्हेंबर २००७ मध्ये दोन सीडींचा ‘मदरशिप’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास या वृंदाचे संगीत प्रथमच आंतरजालावर अधिकृतपणे विक्रीस आले आणि १० डिसेंबर २००७ रोजी लंडनमध्ये हयात सदस्यांनी बॉनम यांचे पुत्र जेसन यांच्यासह एक कार्यक्रम सादर केला. संग्रहात एकूण २४ गीते आहेत. त्यांची विभागणी पाहता पहिल्या तबकडीतून ४, दुसरीतून ३, तिसरीतून २, चौथीतून ४, पाचवीतून ४, सहावीतून ३, सातवीतून २ आणि आठवीतून २ अशी गीते घेतलेली दिसतात. ‘कोडा’मधून एकही गीत घेतलेले नाही.

ही विभागणी वरकरणी समतोल भासते. परंतु बारकाईने पाहिले असता तिच्यातून एक प्रतिमा घडवली गेल्याचे लक्षात येते. तिसरी तबकडी (१९७०) प्रामुख्याने अकौस्टिक गिटारवर आधारलेल्या, लोकगीतांच्या अंगाने जाणाऱ्या रचनांसाठी ओळखली जाते. संग्रहात तिची जी दोन गीते आली ती विजेच्या गिटारवरील, जोरकस अशी आहेत. म्हणजे ज्या वैशिष्ट्यासाठी ती तबकडी वेगळी ठरली, तेच वैशिष्ट्य निवडीत वगळले गेले. चौथ्या तबकडीतील आठांपैकी चार गीते घेतली गेली आणि मँडोलिन व अकौस्टिक गिटार यांवरील दोन्ही रचना बाहेर राहिल्या. निवडक संग्रह हा इतिहास नसतो. तो इतिहासाविषयीचा एक अभिप्राय असतो. ज्याच्या हाती पहिल्यांदा हा संग्रह येतो, तो मात्र त्यालाच संपूर्ण इतिहास मानण्याची शक्यता असते.

मराठी श्रोत्यास हा अनुभव नवा नाही. ग. दि. माडगूळकर यांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत लाभलेले ‘गीतरामायण’ आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर प्रसारित झाले. त्यातील ५६ गीते तेव्हा अनेक गायक-गायिकांनी गायिली होती; सीतेच्या गीतांत माणिक वर्मा यांचा स्वर होता. पुढे मात्र फडके यांच्या एकट्याच्या आवाजातील ध्वनिमुद्रिकांचा संच घरोघरी पोहोचला आणि तोच बहुसंख्य श्रोत्यांच्या मनातील ‘मूळ’ गीतरामायण ठरला. त्या संचाची थोरवी निर्विवाद आहे. तथापि जे पुनःपुन्हा प्रकाशित होते तेच मूळ मानले जाते, हे तत्त्व येथेही दिसते.

७. मुंबईतील दोन ध्वनिमुद्रणे :

‘मदरशिप’मध्ये न आलेल्या गीतांत ‘फ्रेंड्स’ (तिसरी तबकडी) आणि ‘फोर स्टिक्स’ (चौथी तबकडी) ही दोन गीते आहेत. मुंबईचा संबंध येतो तो याच दोन गीतांशी.

१९७२ मध्ये पेज व प्लांट मुंबईत आले असता त्यांनी येथील भारतीय वादकांना घेऊन ही दोन गीते नव्याने ध्वनिमुद्रित केली. अकौस्टिक गिटार, तबला आणि तंतुवाद्यांचा समूह अशी योजना होती. गीतांची निवड विचारपूर्वक केलेली होती. ‘फ्रेंड्स’ची स्वरयोजना मुळातच पौर्वात्य वळणाची आहे. ‘फोर स्टिक्स’मध्ये पाच व सहा मात्रांचे गट आलटूनपालटून येतात, बॉनम यांनी दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून ते वाजवले म्हणून गीताला हे नाव पडले. पाश्चात्त्य रॉक संगीतात चार मात्रांचे राज्य असताना अशी विषम लय अपवादात्मक होती. भारतीय वादकास विषम लय परकी नाही. दहा मात्रांचा झपताल २-३-२-३ अशा विभागांतच चालतो. मात्र तालात विभाग विषम असले तरी आवर्तन तेच राहते आणि समेवर परतणे निश्चित असते. पाचाचा गट मध्येच सहाचा होणे ही वेगळी गोष्ट आहे. दोन लयविचारांची ही गाठ त्या ध्वनिमुद्रणाचे खरे आकर्षण होय.

हे ध्वनिमुद्रण तेव्हा प्रकाशित झाले नाही. त्याच्या अनधिकृत प्रती चाहत्यांत फिरत राहिल्या. अखेर ३१ जुलै २०१५ रोजी ‘कोडा’ची पुनर्संस्कारित व विस्तारित आवृत्ती निघाली. तिच्यासोबतच्या दोन जादा सीडींवरील १५ ध्वनिमुद्रणांत मुंबईची ही दोन गीते समाविष्ट झाली. त्रेचाळीस वर्षांनी फीत उजेडात आली, खरखर कमी झाली, तबल्याचा बोल स्पष्ट झाला. परंतु गीतसूचीत गीतांच्या नावापुढे उल्लेख आला तो ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ असा. पेज, प्लांट, जोन्स, बॉनम ही चार नावे जगाला पाठ आहेत. ज्या हातांनी तबला व तंतुवाद्ये वाजवली ते हात शहराच्या नावात विरून गेले.

याच्याशी तुलना करण्याजोगी दुसरी घटना चार वर्षे आधीची आहे. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्स वृंदातील जॉर्ज हॅरिसन यांनी ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईतील एचएमव्हीच्या स्टुडिओत काम केले. त्यासाठी एचएमव्हीचे भास्कर मेनन यांनी दोन पट्ट्यांचे ध्वनिमुद्रणयंत्र कलकत्त्याहून रेल्वेने आणवले होते, अशी आठवण हॅरिसन यांनी नोंदवली आहे. या तबकडीच्या वेष्टनावर भारतीय वादकांची नावे दिली गेली. आशिष खान, महापुरुष मिश्र, शिवकुमार शर्मा यांच्याबरोबरच चंद्रशेखर नारिंग्रेकर (सूरबहार) आणि एस. आर. केंकरे (बासरी) ही नावे तिथे आढळतात. त्यामुळे १९९२ व २०१४ मध्ये ही तबकडी पुन्हा निघाली तेव्हा ती नावेही तिच्यासोबत टिकून राहिली.

त्याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ या गीताचे वाद्यसंगीतही मुद्रित झाले. मार्च १९६८ मध्ये ते बीटल्सच्या एका छोट्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूस आले. त्या तबकडीच्या चकतीवर वादकांची नावे नव्हती. तिथे फक्त ‘द बीटल्स’ होते. प्रत्यक्षात त्या वाद्यसंगीतात चारही बीटल्सपैकी कोणाचेही वादन नव्हते. पुढे हे गीत १९८८ च्या निवडक संग्रहात आणि २००९ च्या पुनर्संस्कारित संचात आले. एकच शहर, तोच स्टुडिओ, तोच आठवडा; तरीही एका तबकडीने नावे जपली आणि दुसरीने जपली नाहीत. फरक तंत्रज्ञानाचा नव्हता, तर नावे लिहून ठेवण्याच्या इच्छेचा होता.

८. श्रेय, न्याय आणि कायदा :

श्रेयाचा प्रश्न लेड झेपेलिनच्या संदर्भात केवळ मुंबईपुरता नाही. दुसऱ्या तबकडीतील ‘होल लॉटा लव्ह’ या गीतातील शब्द आपल्या रचनेतून घेतल्याचा दावा विली डिक्सन यांनी १९८५ मध्ये दाखल केला. तो १९८७ मध्ये आपसांत मिटला आणि पुढील आवृत्त्यांत डिक्सन यांचे नाव रचनाकारांत समाविष्ट झाले. पूर-गीताच्या रचनाकारांत मेम्फिस मिनी यांचे नाव मात्र पहिल्यापासून होते. त्यांनी व कॅन्सस जो मॅकॉय यांनी मूळ गीत १९२९ मध्ये ध्वनिमुद्रित केले होते. यावरून पुनर्प्रकाशन ही चूक दुरुस्त करण्याची संधीही असते, हे ध्यानात येते. नवी आवृत्ती निघते तेव्हा वेष्टन नव्याने छापावेच लागते. त्या वेळी एक नाव वाढवण्यास कागद अधिक लागत नाही.

डिक्सन रचनाकार असल्याने कायदा त्यांच्या बाजूस होता. साथीदार वादकाची स्थिती निराळी असते. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रयोगकर्त्या कलावंताचे हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आले. आपल्या सादरीकरणाचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा नैतिक हक्क तर २०१२ च्या दुरुस्तीने, कलम ३८ब अन्वये मिळाला. १९७२ मधील वादकास यांपैकी कोणतेही संरक्षण नव्हते. ठरलेले मानधन घेऊन तो पुढच्या स्टुडिओकडे जात असे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गोव्याहून आलेल्या वादक-संयोजकांसह शेकडो कलावंतांनी याच पद्धतीने आयुष्य काढले. ग्रेगरी बूथ यांच्या २००८ च्या ‘बिहाइंड द कर्टन’ या ग्रंथात अशा अनेक वादकांच्या मुलाखती संकलित झाल्यामुळे त्यांपैकी काहींचे कार्य अभ्यासकांसमोर आले. मराठीत व्हायोलिनवादक प्रभाकर जोग यांच्यासारख्या कलावंताने आत्मचरित्र लिहिल्याने फडके यांच्या संगीतामागील साथीदाराचे जग वाचकांना कळले. जे लिहिले गेले, ते टिकले.

९. स्थानिक उपयोजन :

वरील विवेचनाचा उपयोग आपल्या परिसरात कसा होऊ शकतो, याचाही विचार करणे क्रमप्राप्त आहे. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्यानंतर गावोगावी भजने, भारुडे, कीर्तने, लग्नातील गाणी टेपरेकॉर्डरवर मुद्रित झाली. खालापूर-कर्जतसारख्या पावसाळी प्रदेशात दमट हवेमुळे अशा फितींना बुरशी लागते, त्या एकमेकांना चिकटतात. त्यांच्या जतनासाठी मोठ्या स्टुडिओची गरज नाही. काही पथ्ये पाळणे पुरेसे आहे. कॅसेट वाजवण्यापूर्वी ती बुरशीसाठी तपासावी व एकदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळून घ्यावी. वाचनशीर्ष स्वच्छ करावे. अंकीय प्रत न दाबलेल्या स्वरूपात, पुरेशा सूक्ष्मतेने काढावी. ही पहिली प्रत जशी आहे तशीच ठेवावी आणि खरखर काढण्याचे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करावेत. कारण आज न साधलेले काम उद्याच्या तंत्राला साधू शकते. बीटल्सच्या २०२३ मधील ‘नाउ अँड देन’ या गीतासाठी एका जुन्या घरगुती कॅसेटवरील जॉन लेनन यांचा आवाज संगणकाच्या साहाय्याने पियानोपासून वेगळा करण्यात आला, हे याचे ताजे उदाहरण आहे. कॅसेट तेव्हा पुसून टाकली असती, तर तंत्र येऊनही उपयोग नव्हता.

मात्र सर्वांत निकडीचे काम यंत्राचे नाही, तर वहीचे आहे. फितीवरील आवाज कोणाचा, पखवाज कोणाचा, टाळकरी कोण, वर्ष कोणते, प्रसंग कोणता, हे सांगू शकणारी माणसे आज वृद्ध आहेत. संगणक आवाज वेगळा करून देईल. त्या आवाजाचे नाव तो सांगू शकणार नाही. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी प्रकल्पकार्याच्या निमित्ताने ज्येष्ठ भजनकऱ्यांना या फिती ऐकवून त्यांच्याकडून नावे लिहून घेतली, तर पुनर्संस्करणाचा अवघड अर्धा भाग अत्यंत कमी खर्चात पूर्ण होईल.

१०. निष्कर्ष :

(१) पुनर्संस्करण ही अंतिम फितीवरील प्रक्रिया असून ती नव्याने वादन किंवा पुनर्मिश्रण यांहून भिन्न आहे.
(२) तिची गुणवत्ता यंत्रापेक्षा मूळ फितीची अवस्था आणि संस्कार करणाऱ्याचा हेतू यांवर अधिक अवलंबून असते.
(३) निवडक गीतसंग्रह कलावंताची विशिष्ट प्रतिमा घडवतो. ‘मदरशिप’मध्ये लोकगीतांच्या वळणाची बाजू गौण ठरलेली दिसते आणि मुंबईत नव्याने मुद्रित झालेली दोन्ही गीते त्यात मूळ रूपातही नाहीत.
(४) १९६८ व १९७२ मधील मुंबईच्या ध्वनिमुद्रणांची तुलना करता साथीदारांची नावे टिकणे हे प्रथम प्रकाशनाच्या वेळी केलेल्या नोंदीवर अवलंबून असल्याचे दिसते.
(५) पुनर्प्रकाशन ही ध्वनीबरोबरच श्रेयनामावलीच्या दुरुस्तीचीही संधी असून ती दोन्ही अंगांनी घेतली गेली पाहिजे.

समारोप :

साजगावच्या यात्रेतील श्रोत्यास पखवाजवादकाचे नाव विचारावे लागत नाही. ते त्याला ठाऊकच असते. अभंगकर्त्याने तर आपले नाव रचनेतच विणून ठेवले. ध्वनिमुद्रणाने संगीताला काळ व अंतर यांवर विजय मिळवून दिला, हे त्याचे थोर कार्य होय. त्या प्रवासात जी नावे वाटेत गळाली, ती शोधून पुन्हा ध्वनीशी जोडणे हे अभ्यासकांचे कर्तव्य ठरते. ज्या दिवशी ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ या दोन शब्दांच्या जागी माणसांची नावे छापली जातील, त्या दिवशीच त्या दोन गीतांचे पुनर्संस्करण खऱ्या अर्थाने पूर्ण झाले असे म्हणता येईल.